सगुणबाबांचा आकडा

सगुण गुरव यांच्याविषयी हल्ली आमच्या कारखान्यात सगळेच चांगलं बोलतात. नोकरी सुटलेल्या माणसाविषयी चांगलं बोलायला काही पदरचं जात नाही. तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं एकेकाला विचारावंसं वाटतं. पण विचारत नाही, कारण मग तेव्हा मी कुठे होते हाही प्रश्न निघेल.

गोव्यात डिचोली आणि पेडणे यांच्या मधल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा औषधांचा कारखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे आणि खोलीत माणसापेक्षा उंच, तीन पायांवर उभी असलेली स्टीलची टाकी. टाकीच्या आत द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवलेलं चुंबक आहे. या यंत्राला एनएमआर म्हणतात. औषधाची चिमूट पातळ काचेच्या नळीत विरघळवून वरून आत सोडायची, की ते औषध नेमकं काय आहे आणि त्यात नको ते काही शिरलंय का, हे कागदावर रेषांनी उमटतं. टाकीच्या पोटात खालून एक जाड दांडा बसवलेला असतो, त्याला प्रोब म्हणायचं. चुंबक कितीही बलदंड असो, ऐकायचं काम या प्रोबचं. तो त्या टाकीचा कान. सगुणबाब या खोलीचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं कंत्राटावर.

दर सोमवारी सव्वाआठला, चहाच्याही आधी, ते कपाटातून एक सीलबंद नळी काढत. तिच्यात ठरलेला द्रव ठरलेल्या प्रमाणात भरून तोंड कायमचं वितळवून बंद केलेलं होतं. तीच नळी, तेच तापमान, तीच मोजणी. त्यातून एक आकडा निघे. खरा आवाज किती आणि भोवतालची खरखर किती, त्याचं ते प्रमाण. प्रोब नवा असताना हा आकडा पाचशेच्या वर होता. तीनशेच्या खाली गेला तर मशीन वापरायचं नाही, असा कारखान्याचा नियम. सगुणबाब तो आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या आलेखाच्या कागदावर शाईच्या ठिपक्याने मांडत. पेन्सिल वापरत नसत. पेन्सिल हातात घेतली की माणसाला खोडरबर आठवतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्या भागात आकडा म्हटलं की मटक्याशिवाय दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. पॅकिंगमधले लोक त्यांना व्हरांड्यात अडवून आज कितीचा लागला म्हणून विचारायचे. ते न हसता खरा आकडा सांगायचे. एकाने तो खरोखरच लावला म्हणे, आणि लागला नाही म्हणून महिनाभर सगुणबाबांशी बोलला नाही.

त्यांना चुंबकाजवळ लोखंड खपत नसे. पट्ट्याचं बक्कल नको म्हणून ते पट्टाच वापरत नसत, पेडण्याच्या शिंप्याकडून कमरेला इलॅस्टिक घालून पँट शिवून घेत. घड्याळ नव्हतं, तरी अकरा वाजले की डबा उघडे. डब्यात पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा, सोमवारी नुसती लोणच्याची फोड. मी धुतलेली नळी ते उजेडात धरून तीनदा फिरवत आणि पुन्हा धुवायला माझ्या हातात देत. पहिल्या वर्षी मला त्याचं रडू यायचं. मी काही सफाई द्यायला लागले की म्हणत, "आकडो बोलता. तू गप रव."

एकदा त्यांच्याच हातून आत नळी मोडली. औषध प्रोबमध्ये सांडलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मी चहाला गेले होते. परत आले तर माणूस प्रोब काढून पुसत बसलेला आणि नोंदवहीत दोनच ओळी लिहून झालेल्या. "नळी आत मोडली. मोडणारा सगुण गुरव." साफ केल्यावर आकडा जवळजवळ पहिल्यासारखा आला, कुणाला पत्ताही लागला नसता. वरून मात्र त्यांना लेखी ताकीद आली. मी म्हटलं, हे लिहायलाच हवं होतं का? ते म्हणाले, उद्या प्रोब बिघडला तर बिघडायला कधीपासून सुरुवात झाली, हे कुणाला तरी कळायला नको?

आणि तसंच झालं. दोनेक वर्षांनी ठिपके उतरायला लागले. आधी इतके हळू की पावसाळ्याच्या दमट हवेमुळे असेल असं मला वाटलं. देखभालीला येणारा इंजिनीअर हैदराबादेहून यायचा. त्याने मोजून पाहिलं आणि आकडा तीनशेच्या चांगला वर आहे, काही करायची गरज नाही, असा शेरा मारून तो संध्याकाळच्या विमानाने मोपाहून परतही गेला. सगुणबाबांनी त्याच्या शेऱ्याखाली सही केली आणि मला कपाटाशी बोलावलं. तीनशेच्या वर आहे की खाली, हे बघायचंच नाही, असं त्यांचं गणित. बघायचा तो उतार. उतार एकसारखा आहे तोवर थांबायचं, कारण प्रोब दुरुस्तीला परदेशी जातो, यायला दोन-अडीच महिने लागतात आणि उगाच पाठवला तर चांगलं मशीन तेवढे दिवस आंधळं होऊन बसतं. पण उतार वाढायला लागला की त्या महिन्यात पाठवायचा. मग तीनशे येण्याची वाट बघायची नाही. वाट बघितली तर तो कधीतरी कामाच्या मध्येच मरणार, आणि त्याहून वाईट म्हणजे मरण्याआधीचे कुठले रिपोर्ट खरे होते आणि कुठले नव्हते, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

त्या वर्षी मे महिन्यात उतार वाढला. कागदावर ते माझ्यासारखीलाही दिसत होतं. सगुणबाबांनी त्याच आठवड्यात कारखान्याचे प्रमुख नाईकसाहेब यांना पत्र दिलं की जूनमध्ये ऑर्डरी कमी असतात, प्रोब आत्ताच पाठवू.

नाईकसाहेब वाईट माणूस नव्हता, असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. आवाज कधी चढवायचा नाही, समोरच्याला बसवून चहा मागवायचा. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "मशीन चलता न्हय, सगुणबाब? मग चलता तवसर चलूं दी." जूनमध्ये एक ऑर्डर आली, जुलैमध्ये दुसरी. सगुणबाबांनी तिन्ही महिन्यांत पत्रं दिली. आकडा कमी झाला की एकाच नमुन्याची मोजणी पुन्हा पुन्हा करून बेरीज घेता येते, खरखर थोडी दबते. पण दुप्पट स्वच्छ हवं तर चौपट वेळ द्यावा लागतो. अर्ध्या तासाचं काम सव्वा तासावर गेलं, नमुन्यांची रांग लागली आणि रांग लागली म्हणून नाईकसाहेब सगुणबाबांवरच नाराज झाले.

ऑगस्टच्या बैठकीत तिसरं पत्र टेबलावर होतं. नाईकसाहेब हसत म्हणाले, तुम्ही तर गुरव, देवाला कौल लावा, कधी पाठवायचा ते देवच सांगेल. सगळे हसले, मीही हसले. सगुणबाब कागद गोळा करून उठले.

आमच्याकडे देवळात कौल लावतात तो असा. फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या अंगावर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगुणबाबांचं घर इब्रामपूरच्या एका वाड्यावरचं. तिथल्या लहान देवळात पूजेची पाळी त्यांच्या घराण्याकडे असे. ते सगळं सोडून हा माणूस रसायनशास्त्र शिकला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी अकराला पेज पुढ्यात घेऊन ते बसले, पण जेवले नाहीत. मी विचारलं नसताना त्यांनी सांगितलं.

कॉलेजात असताना वडील आजारी म्हणून पाळी त्यांच्यावर आली होती. वाड्यावरची एक बाई आली. नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन डॉक्टरांनी लगेच करायला सांगितलं होतं. चतुर्थी तोंडावर आलेली, घरात गणपती बसायचा. ऑपरेशन चतुर्थी झाल्यावर केलं तर चालेल का, असा तिचा प्रश्न. सगुणबाब म्हणाले, पाकळीला पाणी किती लावायचं हे लावणाऱ्याच्या बोटांना कळतं. जास्त ओली केली की ती तग धरत नाही. त्यांना तिचं तोंड दिसत होतं, तिला काय ऐकायचंय ते दिसत होतं. त्यांनी उजवी पाकळी जरा जास्त ओली केली. बाई हात जोडून आनंदाने घरी गेली. तिचा नवरा चतुर्थीच्या चौथ्या दिवशी वारला.

"ती अजून माका भेटता," ते म्हणाले. "म्हणता, देवान सांगलां ता केलां. माका काय बोलूक जाता?"

मग डबा बंद करून ते कामाला लागले. तो दिवस सोमवार नव्हता, तरी त्यांनी सीलबंद नळी काढून आकडा घेतला. तीनशे चाळीस आला.

आता माझ्याविषयी सांगायला हवं. डिचोलीत आमच्या घरी खाणी बंद पडल्यापासून नवरा बसून होता. सासू, दोन मुलं. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर मला कायम करायचा प्रस्ताव त्या वर्षी पहिल्यांदा वर गेला होता. सगुणबाबांनीच तो रेटला होता. शिफारशीत त्यांनी लिहिलेलं मी चोरून वाचलं होतं. "हाताने स्वच्छ, आकड्याने खरी."

चतुर्थीला आमचा गणपती दीड दिवसाचा आणि त्यांचा सात दिवसांचा. कारखाना उघडला तेव्हा मी हजर होते आणि ते इब्रामपूरला. सोमवार आला. नळी मीच लावली. आकडा तीनशेच्या खाली गेला होता, दोनशे ऐंशीवर. पुढच्या आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकाचे तपासनीस यायचे होते. नियमाप्रमाणे मशीन बंद करून मी नाईकसाहेबांना जाऊन सांगितलं.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, नळी किती जुनी आहे? पंधरा वर्षं? मग दोष नळीचा असेल. तू हुशार आहेस, नवीन नळी भरून बघ. आणि मी उठताना, अगदी मायेने, "तुजी फायल हांगाच आसा गो. या आठवड्यान सही करतां."

त्यांनी मला काहीही चुकीचं करायला सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मी नंतर स्वतःशी पुष्कळदा घोकली आहे. नवीन नळी भर, एवढंच ते म्हणाले. त्यांना काय ऐकायचंय ते मला दिसत होतं. मी तराजूसमोर बसले आणि द्रव ठरल्यापेक्षा दीडपट घातला. वहीत ठरलेलं वजन लिहिलं. नळी आत सोडली, आकडा चारशे वीस आला. नाईकसाहेब स्वतः खोलीत येऊन बघून गेले आणि शाबास म्हणाले.

सगुणबाब परत आले ते मंगळवारी. कामाची वही वाचली. आधी माझी नळी लावली, मग जुनी. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग मला म्हणाले, "नळी जुनी झाली तर आकडो वाढाक होयो, बाय. सील गळलां तरी पातळ करणारो द्रव आधी उडता, उरता ता घट्ट होता. उणो कसो जायत?" हे मला ठाऊक होतं. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला ठाऊक असतं. किती घातलंस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वहीत लिहिलंय तेवढंच. ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घातली नाही, याची मला आजही लाज वाटते.

खरं बोलले असते तर त्या दिवशी काय झालं असतं? माझी फाईल परत आली असती, कदाचित नोकरी गेली असती. प्रोब त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला असता. हे दोन्ही त्यांनाही कळत होतं. दुपारी त्यांनी नव्या नळीच्या स्वीकृतीच्या कागदावर सही केली. कपाटाच्या दारावरच्या कागदावर त्या आठवड्याचा ठिपका मात्र त्यांनी मांडला नाही. तेवढी जागा कोरी ठेवली, पुढच्या सोमवारपासून नव्या नळीचे ठिपके पडू लागले.

तपासनीस आले, खूश होऊन गेले. मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मी पेढे वाटले. सगुणबाबांनी एक घेतला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

नोव्हेंबरात प्रोब गेला. एका नमुन्याची मोजणी चालू असताना आतून ठिणगी पडल्यासारखा आवाज झाला आणि पडद्यावर नुसती खरखर उरली. पंधरवड्यात गिऱ्हाइकाकडून पत्र आलं की आमच्या दोन खेपांमध्ये एक अशुद्धी आहे, आणि आमच्या रिपोर्टात ती नाही. ती रेष आमच्या कागदावरही होती, पण इतकी बारीक की खरखरीत बुडून गेली होती. ऐकणाराच बहिरा झाल्यावर दुसरं काय होणार? माल वेळेत परत आला, कुणाच्या पोटात गेला नाही, एवढंच देवाचं देणं.

चौकशीला मुंबईहून दोन माणसं आली. मला विचारलं, नळी कशी भरली? मी वही दाखवली. नाईकसाहेबांनी सांगितलं की शंका असती तर खोलीचे प्रमुख बोलले असतेच. मग त्यातल्या एकाने कपाटाच्या दारावरचा कागद काढून टेबलावर पसरला. इतक्या वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता आणि नेमका तेवढाच कोरा होता. त्याने विचारलं, हा ठिपका कुठे आहे? सगुणबाब म्हणाले, रजेवर होतो. आणि आल्यावर? आल्यावर जुनी नळी लावून बघितली नाही?

मी त्यांच्या शेजारी बसले होते, आमच्या खुर्च्यांचे हात एकमेकांना लागत होते.

"विसरलो," सगुणबाब म्हणाले.

खोलीतल्या कुणालाही ते खरं वाटलं नाही. नाईकसाहेबांनी समोरचे कागद सारखे केले. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, खरंच आले होते, पण मी पाणी प्यायले. त्या आठवड्यात त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. जाताना फाटकावर रखवालदाराने सगळ्यांची तपासतो तशी त्यांचीही पिशवी तपासली. पिशवीत रिकामा डबा होता.

प्रोब मग ताबडतोब गेला. ज्यासाठी सहा महिने सवड नव्हती, त्याची सवड एका दिवसात निघाली. अडीच महिन्यांनी तो आला, सगुणबाब म्हणाले होते तेवढ्याच वेळात. नाईकसाहेब बढतीवर गुजरातेत गेले. मी भरलेली ती नळी मी स्वतःच्या हाताने फोडून टाकली. आणि त्या खोलीची प्रमुख आता मी आहे. बायकोला एवढी मोठी जागा मिळाली म्हणून नवऱ्याने वाळपईच्या मेहुण्यांना जेवायला बोलावलं होतं.

गेल्या मार्चमध्ये एका रविवारी मी स्कूटर काढून इब्रामपूरला गेले. दीड वर्ष लागलं मला तेवढं अंतर जायला. त्यांच्या पत्नीने बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि ते मागे कुळागरात आहेत म्हणाल्या. सुपारीच्या झाडांमधून मातीचे पाट काढलेले होते आणि सगुणबाब गुडघ्यापर्यंत लुंगी दुमडून खोऱ्याने एका पाटाचं तोंड बुजवत होते. मला बघून त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. मुलं कशी आहेत, नवऱ्याला काही काम मिळालं का, हे विचारलं. मशीनचं काहीच विचारलं नाही.

मी वाटेत शब्द जुळवून नेले होते, ते सगळे एका दमात बोलून टाकले. नळीचं, वजनाचं, वहीचं. मुंबईच्या ऑफिसला पत्र लिहिणार आहे, तुमच्यावरचा डाग पुसला जाईल असं सगळं खरं खरं लिहिणार आहे, म्हटलं. बोलता बोलता मला रडू आलं.

त्यांनी रडू संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "आता सांगून कोणाच्या कामाक येतला, बाय? त्या मंगळवारी सांगलं असतंस, तर प्रोब वाचलो असतो, माल वाचलो असतो. आता सांगलंस तर फक्त तुका हलका वाटतला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. वरच्या अंगाला पाणी पाट फोडून वाहायला लागलं होतं. ते खोरं उचलून तिकडे गेले, वाकून माती ओढू लागले. मी थोडा वेळ थांबले. ते काम संपवून परत येतील असं वाटलं होतं. ते त्या पाटावरून पुढच्या पाटावर गेले, आणि तिथून पुढच्या.